कस्टम गिटारचे पिकअप बदलले, आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि ते 250के पॉट)

गणपतीच्या बरोब्बर आठ दिवस आधी माझ्या इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज पिकअप गेला (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून अँपला सिग्नल देणारं चुंबक आणि कॉइल, ब्रिजजवळ एक, नेकजवळ एक). आधी दोन महिने गेन वाढवला की शिट्टी मारायचा, मग एका रिहर्सलला आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा बारीक झाला आणि नंतर गप्पच. मल्टिमीटर लावला तर ओपन, म्हणजे आत कॉइलची तार तुटलेली. शिट्टीचं कारण नंतर उघडल्यावर कळलं, तो पिकअप मेणात बुडवलेलाच नव्हता, मग कॉइल सैल राहते, मोठ्या आवाजात थरथरते आणि मायक्रोफोनसारखी वागते.

गिटार इथल्याच एका कारागिराकडून बनवून घेतलेली. महोगनी बॉडी, मेपल नेक, हार्डटेल ब्रिज, दोन हंबकर (दोन-दोन कॉइलचे पिकअप), एक व्हॉल्यूम, एक टोन. लाकूडकाम इतकं सुबक की नेकच्या सांध्यावरून अंगठा फिरवला तरी जोड हाताला लागत नाही, आणि त्यामुळेच आतल्या वायरिंगबद्दल मी कधी काही विचारलंच नाही.

आता नव्या पिकअपची निवड. सेमूर डंकन कंपनीचा जेबी, त्यांचाच फिफ्टीनाईन, नाहीतर डीमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन, बहुतेकांची गाडी याच तिघांत फिरते. सगळे जण ओहम, म्हणजे कॉइलचा रोध विचारतात (के म्हणजे हजार). जेबी 16केच्या आसपास, फिफ्टीनाईन 8केच्या, म्हणजे जेबी दुप्पट दणकट असं काही नसतं हो, तार बारीक वापरली की ओहम आपोआप वाढतात, चुंबक कुठला आणि वेढे किती हेही बघावं लागतं. त्यापेक्षा व्हर्नियर घ्या आणि पहिल्या ते सहाव्या तारेचं अंतर मोजा, पिकअपच्या जागेवर, ब्रिजवर नाही. माझं 52 मिलिमीटरच्या पुढे भरलं म्हणून जेबीचं रुंद मॉडेल, टीबी-4 घेतलं. साधं घेतलं असतं तर कडेच्या तारा पोलपीसच्या (पिकअपवरच्या तारेखालच्या लोखंडी टोकांच्या) बाहेर पडल्या असत्या.

पैसे वाचवायचे म्हणून फक्त ब्रिजचा घेतला, नेकचा जुनाच ठेवला. डंकनच्या वायरी सोप्या आहेत, काळी हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी एकत्र जोडून टेप, हिरवी आणि उघडी तार अर्थला. लावला, ब्रिज एकटा मस्त वाजला, पण स्विच मधे आणला, म्हणजे दोन्ही पिकअप एकदम, की आवाज पोकळ, नाकातून, खर्ज गायबच. दोन कंपन्यांचे पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होते, एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. जुन्या पिकअपला एकच वायर आणि बाहेर जाळी, ती उलटवता येत नाही, म्हणून जेबीची काळी आणि हिरवी अदलाबदल केली, उघडी तार मात्र अर्थलाच ठेवली. दोन मिनिटांचं काम, पण कुणी सांगितलेलं नसलं तर माणूस नवा पिकअपच खराब समजून परत पाठवेल.

दिवाळीनंतर नेकलाही फिफ्टीनाईन टाकला, कारण जुना नेक फार गढूळ वाजायचा. (तेव्हा जेबीच्या वायरी परत मूळ जागी आणल्या, आता दोन्ही एकाच कंपनीचे.) दोन्ही मिळून 22,000 रुपयांच्या घरात गेले. तेव्हा मी मित्रांना सांगत होतो की फिफ्टीनाईन नेकला घेऊ नका, फार बोजड आहे, सहावी तार म्हणजे नुसती घोंगडी. ते मत मी मागे घेतोय.

जानेवारीत एकदा व्हॉल्यूम खरखरायला लागला म्हणून मागचं झाकण उघडलं. पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) पाठीवर सोल्डरचा गोळा, त्याच्या कडेला बारीक अक्षरात ए250के. दुसराही तोच. पाय सुटा करून मोजला तर एक 228 भरला, दुसरा 236. हंबकरला साधारणपणे 500के लावतात, 250के सिंगल कॉइलसाठी, हे गिटार बनवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पॉट पिकअपला समांतर बसतात, म्हणजे माझ्या पिकअपवर सव्वाशे केचासुद्धा लोड नव्हता, त्याहूनही खालचा, आणि जेवढा आकडा खाली तेवढी ट्रेबल अर्थला वाहून जाते. कारागिराला फोन केला तर म्हणाला, "दादा, मी सगळ्यांना हेच टाकतो, कुणाची तक्रार नाही." मला याचा मनापासून राग आला. एवढे पैसे घेऊन बनवलेल्या गिटारमध्ये ही काटकसर मला मान्य नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीत स्वस्तात पॉट मिळाले, पण ते बी500के, म्हणजे लिनियर. ते लावले तर व्हॉल्यूम दहापासून तीनपर्यंत फारसा उतरत नाही आणि मग धाडकन पडतो. शेवटी ए500केच (ए म्हणजे कानाला आवाज सारखा उतरल्यासारखा वाटणारा ऑडिओ टेपर) मागवले, दोन्ही मिळून हजाराच्या आत. पॉटचा बुश (बॉडीच्या भोकात बसणारा आट्यांचा गळा) जाड निघाला, बॉडीचं भोक गोल कानशीनं जरा वाढवावं लागलं, नॉब मात्र जुनेच बसले.

आणि फरक? नेकवर सहाव्या तारेला पिक लागतो तो टकार आधी ऐकूच यायचा नाही, आता प्रत्येक स्ट्रोक सुटा ऐकू येतो. फिफ्टीनाईन बोजड नव्हताच, त्याच्या तोंडावर चादर टाकलेली होती. जेबीचं मात्र उलटं झालं. 250केवर तो मला गोड वाटायचा, 500केवर वरचे मिड इतके टोकदार की क्लीनमध्ये (डिस्टॉर्शनशिवाय) कानाला बोचतात. दोन्ही पिकअपना एकच व्हॉल्यूम असल्यामुळे एकाला 250 आणि एकाला 500 देता येत नाही. स्टीलच्या पट्टीनं मोजत जेबी अर्धा-अर्धा मिलिमीटर खाली नेला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून 3 मिलिमीटरवर तो बराच निवळला. टोन सातवर. नेक त्याहून किंचित खाली.

म्हणून ज्यांची गिटार बनवून घेतलेली आहे त्यांनी पिकअपची ऑर्डर द्यायच्या आधी मागचे चार स्क्रू काढून पॉटवरचा आकडा वाचाच. मी आधी वाचला असता तर जुना नेक पिकअप पण 500केवर ऐकून बघितला असता. तो ड्रॉवरमध्ये आहे अजून, तारा बदलायच्या वेळी परत टाकून ऐकणार आहे, काय वाजतो ते इथेच खाली लिहीन.