पर्यावरणशास्त्रात थेट बी.एस्सी., की आधी केमिस्ट्री-बॉटनी?

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून एक प्रश्न हमखास येतो. मुलीला पर्यावरणात काम करायचंय, तर पदवीलाच पर्यावरणशास्त्र घ्यावं, की आधी केमिस्ट्री किंवा बॉटनी करून एम.एस्सी.ला तिकडे वळावं? मी स्वतः पहिली वाट धरली. तरी सगळ्यांना तीच धरा असं मी सांगत नाही.

या वाटेचं सुख फील्डवर आहे. पहिल्याच वर्षी आम्हाला पुण्यातल्या मुठा नदीकाठी नेलं होतं. ३०० मिलीची काचेची बाटली आत एकही बुडबुडा राहू न देता भरायची आणि काठावरच मँगनस सल्फेट, अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. शहराच्या वरच्या बाजूला, खडकवासला धरणाकडे भरलेल्या बाटलीत तो धरला. शहर ओलांडून घेतलेल्या बाटलीत मात्र पांढराच साका खाली बसला. त्या पाण्यात ऑक्सिजन उरलाच नव्हता! ती बाटली हातात घेऊन मी बराच वेळ तशीच उभी होते.

केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याला ही अभिक्रिया माझ्यापेक्षा नीट समजते. पण हे सांडपाणी कुठून आलं, नदीतल्या जिवांचं काय झालं, १९७४चा जल कायदा इथे काय म्हणतो, हे सगळं एकाच बाटलीभोवती शिकायला मिळतं ते पर्यावरणशास्त्रातच. परिसंस्था, माती, संख्याशास्त्र, जीआयएस (संगणकावरचे माहितीचे नकाशे), २००६ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याची अधिसूचना, सगळं तीन-चार वर्षांत डोळ्यांखालून जातं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे खोली कमी पडते. पदवीनंतर एका प्रयोगशाळेत अर्ज केला, तर 'केमिस्ट्री मेन नाही' म्हणून तो बाजूला ठेवला गेला. तेव्हा फार लागलं. आज नमुने तपासताना वाटतं, त्यांची मागणी अगदीच चुकीची नव्हती.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तिसऱ्या वर्षाला कळली, तुम्हाला आत्ताच कळू द्या. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीचे विषय ठरलेले आहेत: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, गणित, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स, झूलॉजी यांपैकी किमान एक, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी. पर्यावरणशास्त्राचं नाव या यादीत नाही. जंगलात अधिकारी व्हायचं स्वप्न असेल तर बॉटनी किंवा झूलॉजी घ्या, दुसरा विचार नको. उलट केमिस्ट्री-बॉटनीवाल्यांना पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.चं दार बहुतेक विद्यापीठांत उघडं असतं. पुढे यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला हा विषय आहे आणि २०२१पासून एम.टेक.सारख्या प्रवेशाच्या गेट परीक्षेतही पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे.

इंजिनिअरिंगचं थोडक्यात सांगते. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं डिझाइन करायची ओढ असेल आणि गणिताची भीती नसेल तर सीईटी देऊन सिव्हिल किंवा केमिकलला जा. नुसत्या बी.एस्सी.वर ते काम हाती येणं अवघड आहे.

आणि नोकरी? नुसत्या पदवीवर नमुने गोळा करणं, प्रयोगशाळेत मदतनीस, कारखान्याच्या सुरक्षा-पर्यावरण विभागात कनिष्ठ पद, एवढंच साधारण मिळतं. सल्लागार कंपन्या पदव्युत्तर पदवी मागतात. त्यामुळे कुठलीही वाट घ्या, हिशोब पाच वर्षांचाच धरा. घरच्या गरजेपोटी तीन वर्षांनंतर लगेच कमवायला लागायचं असेल, तर केमिस्ट्री जास्त सुरक्षित आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता एक मधली वाट निघाली आहे: मेजर (मुख्य विषय) पर्यावरणशास्त्र, मायनर (जोडविषय) केमिस्ट्री. तुमचं कॉलेज ही जोडी देत असेल तर माझा कौल तिलाच. मला हे मिळालं असतं तर तो अर्ज बाजूला पडला नसता.

एवढं करूनही पर्यावरणशास्त्रच हवं असेल, तर आनंदाने घ्या, पण कॉलेज पारखून. पुण्यात फर्ग्युसनसारख्या ठिकाणी हा विषय पदवीला आहे; बाकी कॉलेजांची यादी फार लांब नाही. फी भरण्याआधी प्रयोगशाळा बघायची परवानगी मागा. बीओडी इन्क्युबेटर कुठे आहे ते विचारा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप; इन्क्युबेटर म्हणजे त्यासाठी नमुने ठरावीक तापमानात ठेवायची पेटी. आपल्याकडे बीओडीसाठी नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. इन्क्युबेटर चालू असेल आणि आत तारखा लिहिलेल्या बाटल्या दिसल्या, तर मुलं खरंच नदीवर जातात.