एटिमोटिक ईआर२०एक्सएस इअरप्लग: मैदानात झकास, क्लबात तोकडे

ईआर२०एक्सएस हे अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीचे खास संगीत ऐकण्यासाठी बनवलेले इअरप्लग. निकाल आधीच सांगून टाकू. महालक्ष्मी रेसकोर्स किंवा नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम अशा मोठ्या, उघड्या जागी साउंड कन्सोलच्या, म्हणजे इंजिनीयर आवाज सांभाळतो त्या टेबलाच्या, आसपास उभं राहून शो ऐकणाऱ्याला या किमतीत याहून चांगलं काही सुचवणं अवघड आहे. बंदिस्त क्लबात ड्रमरपासून दहा-बारा फुटांवर उभं राहून मेटल ऐकायचं असेल, तर मात्र हे कमी पडतात. तिथे कारखान्यात वापरतात तो स्वस्तातला फोम बरा.

तिकिटाला हजारो रुपये, वर विमान, हॉटेल आणि टूरचा टी-शर्ट, आणि कानात काय, तर टिश्यू पेपरचे बोळे! आपल्याकडे ढोल-ताशा पथकांत कापूस कोंबतात, तोही याच जातीचा उपाय. कापूस आणि टिश्यू जेमतेम काही डेसिबेल अडवतात, तेही बहुतेक वरच्या पट्टीतले. कान झाकल्याचं समाधान मिळतं आणि त्या भरवशावर माणूस स्पीकरच्या आणखी जवळ जातो.

अमेरिकेत ईआर२०एक्सएसची जोडी साधारण वीस-पंचवीस डॉलरला मिळते. आपल्याकडे आयात करून विकणारे आपापला भाव लावतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी चौकशी करूनच घ्यावेत. घेताना ‘युनिव्हर्सल’ पाकीट बघा. त्यात दांड्यावर चढवून कानात घालायची, तीन पाकळ्यांची नेहमीच्या मापाची टोपणं, तशीच मोठ्या मापाची आणि फोमची अशा तीन जोड्या येतात. शिवाय गळ्यात अडकवायची दोरी आणि एक छोटी डबीही असते. एकाच मापाचं पाकीट थोडं स्वस्त पडतं, पण आपल्या कानाची नळी केवढी आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. अनेकांचे तर दोन कानही सारख्या मापाचे नसतात. एका कानात नेहमीचं आणि दुसऱ्यात मोठं टोपण घालण्यात काहीही गैर नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे आवाज कसा येतो. उघड्या कानाची नळी २.७ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते आणि त्या पट्ट्यातला आवाज चांगलाच वाढवून कानाच्या पडद्याकडे पाठवते. गिटारची धार, स्नेअरचा फटका आणि गायकाच्या तोंडची व्यंजनं बरीचशी तिथेच असतात. नळीत बूच बसलं की हा घुमारा नाहीसा होतो. त्यात फोम मुळातच वरचे सूर जास्त आणि खालचे कमी अडवतो. म्हणून फोम घातल्यावर बँड शेजारच्या खोलीत वाजवतोय असं वाटतं: बेस ढुमढुमतो, हाय-हॅट गायब होते आणि दोन गिटार एकमेकींत मिसळून जातात. ईआर२०एक्सएसच्या दांड्यात एक बारीक पोकळी आणि आवाजाला अडथळा करणारा फिल्टर असतो. हरवलेला घुमारा त्या पोकळीमुळे बराचसा परत येतो. फिल्टरमुळे सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या प्रमाणात खाली येतात. सिम्बलचा वरचा चकाकणारा भाग किंचित बोथट होतो हे खरं. पण रिदम गिटार आणि लीड गिटार वेगळ्या ऐकू येतात, शब्द कळतात, आणि कान दबलेले नसल्यामुळे मिक्स उलट मोकळं वाटतं. बेस तर छातीत आणि पायांखालून जाणवतोच, त्याची चिंता नको.

नावातल्या वीसच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. हा प्लग उत्तम बसला तर मिळणारी घट वीस डेसिबेल. अमेरिकी नियमानुसार ठरणारा एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबेल कमी होतो ते सांगणारा पाकिटावरचा आकडा, तेराच्या आसपास आहे. यात फसवणूक नाही. एनआरआर काढताना प्रयोगशाळेतल्या सरासरीतून लोकांच्या बसवण्यातला फरक चांगला भरघोस वजा करतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला निदान तेवढं तरी संरक्षण मिळावं. युरोपात याच कामाचा आकडा एसएनआर, तो एवढं वजा करत नाही, म्हणून तोच प्लग तिथे जास्त आकड्याने विकला जातो. दोन कंपन्यांचे प्लग ताडून बघताना एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवला, तर हिशेब चुकलाच. गर्दीत, घामेजल्या कानात, नीट बसवलेल्या ईआर२०एक्सएसकडून बारा ते पंधरा डेसिबेल धरून चालावं.

एवढे पुरतात का? कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेच्या नायोश संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबेलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबेलला वेळ निम्मी. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं, १०६ ला चार मिनिटंही नाहीत. मैदानात कन्सोलपाशी १०० डेसिबेल असतील तर हे प्लग लावून कानाशी ८५ ते ८८ उरतात. चार तास मिळाले, शो निवांत ऐका. क्लबात ११० असतील तर उरतात ९५ ते ९८, म्हणजे फार तर पाऊण तास. तेवढ्यात एखादा ओपनिंग बँड जेमतेम संपतो. शंका असेल तर नायोशचंच साउंड लेव्हल मीटर नावाचं फुकट अ‍ॅप आयफोनवर मिळतं. आत शिरल्यावर एक-दोन गाणी त्यावर आकडा बघा आणि कुठे उभं राहायचं ते ठरवा.

कायदा आपल्या मदतीला येईल अशी आशा नको. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहाला उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद करायला लावतात, म्हणून तर आपले शो उजेड असतानाच सुरू होतात. डेसिबेलची मर्यादाही आहे, पण ती मोजायची आवाराच्या हद्दीवर. हद्दीबाहेर राहणाऱ्या शेजाऱ्याची त्यात सोय आहे. बॅरिकेडला लटकलेल्या रसिकाने स्वतःचं स्वतः बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबेलची मर्यादा सुचवली, ती शिफारस आहे. १९७६ साली लंडनमध्ये चार्लटनच्या मैदानावर ‘द हू’ या रॉक बँडचा आवाज स्टेजपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबेल मोजला गेला आणि त्याचा विक्रम म्हणून गवगवा झाला. त्या बँडचा गिटारवादक पीट टाऊनशेंड नंतर कानांच्या दुखण्याबद्दल उघडपणे बोलत आला. २०१६ मध्ये एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला डॉक्टरांनी ऐकू येणं पूर्ण जाण्याचा धोका सांगितला आणि त्याला दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडने २००८ च्या शोमध्ये दारातच इअरप्लग वाटले. एखादा बँड स्वतःहून प्लग देत असेल, तर ते मुकाट्याने घालावेत.

हे प्लग ‘चालत नाहीत’ अशा तक्रारींत बहुतेक वेळा दोष बसवण्याचा असतो. बोटाने दाबून आत ढकलले की पहिली पाकळी तेवढी शिरते आणि उरलेल्या दोन बाहेर दुमडून राहतात. पद्धत अशी: टोपण पाण्याने किंचित ओलं करा, थुंकीने नको. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि बाहेर ओढा, म्हणजे नळी सरळ होते. मग उजव्या हाताने दांडा धरून हलकेच डावी-उजवीकडे फिरवत आत न्या. तिन्ही पाकळ्या आत जाऊन शेवटची नळीच्या तोंडाशी टेकली की थांबा. दुखलं तर जबरदस्ती करू नका, लहान टोपण लावा. दुसऱ्या कानालाही तसंच.

बसलंय का ते तपासायला ‘हूंऽऽ’ करून गुणगुणा. स्वतःचा आवाज डोक्यात दोन्हीकडे सारखा घुमला तर ठीक. एका बाजूला कमी घुमला, तर त्या बाजूला फट आहे. फटीतून आधी खालचे सूर शिरतात. त्यामुळे प्लग लावूनही बेस उघड्या कानाइतकाच दणदणीत लागत असेल, तर प्लगला नावं ठेवण्याआधी पुन्हा बसवा. हे सगळं रांगेत उभं असताना, आत शिरण्यापूर्वी करावं. पहिला कॉर्ड वाजल्यावर अंधारात, धक्काबुक्कीत ते नीट जमत नाही.

रॉकच्या गर्दीत यांचा खरा शत्रू म्हणजे जबडा. कोरसला ओरडून गायलं की जबड्याबरोबर कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि प्लग हळूहळू बाहेर सरकतो. घाम त्याला आणखी मदत करतो. दर तीन-चार गाण्यांनी, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, दांडा बोटाने चाचपून जागेवर न्यावा. गाताना स्वतःचा आवाज डब्यात घुमल्यासारखा लागतो, ती बंद नळीचीच करामत. प्लग जितका खोल, तितका तो त्रास कमी, म्हणून त्यावर इलाज बाहेर ओढणं हा नव्हे. तालावर डोकं झटकणाऱ्यांसाठी, म्हणजे हेडबँगिंग करणाऱ्यांसाठी, जुन्या ईआर२०पेक्षा हे मॉडेल बरं: दांडा आखूड आहे, शेजाऱ्याच्या कोपराला किंवा केसांना अडकत नाही. मात्र त्याच आखूडपणामुळे घामट बोटांनी तो काढताना चिमटीत येत नाही. दोरी लावावी तर मॉश पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथे, कुणाचा तरी हात त्यात अडकून प्लग झटक्यात उपसला जातो, आणि घट्ट बसलेलं बूच असं उपसणं पडद्याला चांगलं नाही. पिटमध्ये दोरी काढून ठेवा. बाकी ठिकाणी ती मानेमागून घ्या. काढतानाही फिरवत, सावकाश काढायचं.

तुलनेला थ्रीएमचा नारिंगी ११०० फोम. एनआरआर २९, किंमत काही रुपये, सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात सहज मिळतो. बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेला नळा करायचा, तसाच कान ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट ठेवायचं. नीट बसला तर क्लबातले ११० सुद्धा ९० च्या आत येतात. आवाज मंद आणि गढूळ होतो, त्याला इलाज नाही. पण डूम किंवा ब्लॅक मेटल अशा मेटल प्रकारांच्या गिगला, छताखाली, दोन सबवूफरच्या मध्ये तेच शहाणपणाचं. ईआर२०एक्सएसच्या पाकिटातली फोमची टोपणं हा मधला पर्याय: फट कमी राहते, सूर बऱ्यापैकी शाबूत राहतात. ज्यांना तीन पाकळ्यांचा दाब सोसत नाही त्यांनी आधी तीच लावून बघावीत. तेही जमलं नाही तर लूप कंपनीचे एक्सपिरियन्स नावाचे प्लग बघा. एसएनआर १७, चार मापांची एकपदरी मऊ टोपणं, कानाला हलके आणि दिसायला छान. आवाजाचा समतोल मात्र एटिमोटिकचा सरस.

वर्षभर शहरोशहरी गिग करत फिरणाऱ्यांनी साच्याच्या प्लगचा विचार करावा. ऑडिओलॉजिस्ट कानाचा ठसा घेतो, सिलिकॉनचा साचा बनतो आणि त्यात ९, १५ किंवा २५ डेसिबेलचे फिल्टर अदलून-बदलून बसवता येतात. क्लबासाठी २५, मैदानासाठी १५. खर्च कितीतरी पट होतो आणि काही वर्षांनी कानाचा आकार बदलला की नवा साचा लागतो. ठसा घेताना तोंड उघडं ठेवायला सांगतात का ते पाहा. तोंड मिटून घेतलेल्या ठशाचा साचा पहिल्याच कोरसला सैल पडतो.

लहान मुलांना यातलं काहीच नको. त्यांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यांना बाहेरून झाकणारे इअरमफ घ्या. आणि प्लग लावूनही शोनंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर बसवण्यात किंवा जागा निवडण्यात चूक झाली असं समजा. ती एक-दोन दिवसांत थांबली नाही, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न बघता कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचारात दिवस मोजके असतात.

निगा सोपी आहे. टोपणं दांड्यावरून काढून कोमट साबणपाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत चढवा. दांडा पाण्यात बुडवायचा नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. फिल्टरमध्ये पाणी किंवा मळ गेला की तो कान जास्त बंद वाटू लागतो आणि मग डावा-उजवा समतोल जातो. ओले प्लग तसेच डबीत टाकले तर दुसऱ्या दिवशी वास मारतात. पाकळ्यांच्या कडा कडक किंवा पिवळट झाल्या की नवी टोपणं घ्या. ती सुटी मिळतात, अख्खी जोडी बदलायची गरज नाही.