खिडक्या बदलायच्यात: लोकल फॅब्रिकेटर, यूपीव्हीसीवाला की ब्रँडेड कंपनी? (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

तीन कोटेशन हातात आहेत आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळतच नाहीत, एकाने स्क्वेअर फुटाचा भाव दिलाय, दुसऱ्याने खिडकीमागे एक रक्कम सांगितलीय, तिसऱ्याने जाळी आणि जीएसटी सगळ्यात खाली बारीक अक्षरात टाकलाय. इथपर्यंत आला असाल तर पुढचं वाचा, कारण आम्ही मानपाड्याच्या घरासाठी आणि माझ्या मावसबहिणीच्या नेरूळच्या घरासाठी हेच सगळं नुकतंच निस्तरलंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे पावसात खिडकी गळते तेव्हा बऱ्याचदा दोष सेक्शनचा (म्हणजे फ्रेमच्या पट्टीचा) नसतो, फ्रेम आणि भिंत यांच्यामधली फट नीट भरलेली नसते किंवा खालची ग्रॅनाईटची पट्टी आतल्या बाजूला उतरती असते. त्यामुळे कंपनी निवडताना माप कोण घेतंय आणि फिटिंगला कोणाची माणसं येणार हे दोन प्रश्न ब्रँडच्या नावाआधी विचारा. पण माणसं नेमकं हेच विचारत नाहीत, सगळे रंग आणि हँडल बघत बसतात!

आणि एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधीची. नवीन टॉवरमध्ये राहत असाल आणि पझेशनला पाच वर्षं झाली नसतील तर आधी बिल्डरला लेखी कळवा. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याच्या कलम १४(३) मध्ये बांधकामातल्या आणि कामाच्या दर्जातल्या दोषांची जबाबदारी पझेशनपासून पाच वर्षं बिल्डरवर आहे, कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचं असतं. घोडबंदर रोडला कितीतरी नवीन बिल्डिंगांत लोक स्वतःच्या खिशातून सिलिकॉन मारून घेतायत, कशाला?

आता तिघांकडे बघू.

लोकल अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेटर म्हणजे वागळे इस्टेट, कळवा, तुर्भे, भिवंडी इकडे ज्यांची वर्कशॉप आहेत ते. त्यांचा मोठा फायदा म्हणजे माणूस जवळ असतो, बेअरिंग गेलं की फोनवर येतो, आणि आठ-दहा दिवसांत काम उरकतं. सेक्शन जिंदाल, हिंडाल्को असं नाव सांगतात, पण नावावर जाऊ नका, सेक्शनची जाडी आणि वजन कोटेशनवर लिहून घ्या, कारण त्याच नावाखाली हलका माल लावून देणारे पण आहेत. साधी हलकी पाऊण इंची सिरीज आणि २७ एमएमची जाड डोमल सिरीज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, वर छज्जा असेल तर साधी सिरीज चालून जाते, पंधराव्या मजल्यावर वारा थेट अंगावर घेणाऱ्या खिडकीला ती लावून घेऊ नका, शटर (काचेचा सरकणारा पल्ला) खडखड वाजतं आणि दोन शटर जिथे एकमेकांत अडकतात ती मधली इंटरलॉक पट्टी वाकते.

यूपीव्हीसीवाल्यांचं गणित लोकांना नीट कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिक. वीका, कोमरलिंग, रेहाऊ ही जर्मन नावं प्रोफाइल बनवणाऱ्यांची आहेत. ते पट्ट्या पुरवतात, खिडकी कापून जोडणारा फॅब्रिकेटर वेगळाच असतो. म्हणजे “जर्मन खिडकी आहे मॅडम” असं कोणी म्हणालं तर पट्टी जर्मन ब्रँडची असेलही, पण कोपऱ्याचा वेल्ड, आतलं स्टील, बेअरिंग, गास्केट (फट बंद करणारी रबराची पट्टी) हे सगळं त्या फॅब्रिकेटरच्या हातात. यूपीव्हीसीची पट्टी आतून पोकळ असते, मजबुतीसाठी तिच्यात गॅल्व्हनाइज्ड स्टीलची पट्टी सरकवतात आणि पैसे वाचवायचे झाले तर कात्री इथेच लागते, कारण बाहेरून काही दिसत नाही. वर्कशॉपला जाऊन एक कापलेला तुकडा बघा, किंवा स्टील किती जाडीचं आणि कुठल्या कुठल्या पट्टीत आहे ते लेखी घ्या. कोपरे गरम करून वितळवून जोडलेले असतात, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या स्क्रूवाल्या कोपऱ्यासारखी तिथून पाणी शिरायला फट राहत नाही, हा यूपीव्हीसीचा खरा गुण. तोटा म्हणजे पट्टी जाड, त्यामुळे छोट्या खिडकीत काच आणि उजेड कमी होतो, आणि हलक्या प्रतीचा माल उन्हात पिवळा पडतो.

ब्रँडेड म्हणजे फेनेस्टा (डीसीएम श्रीरामची), अ‍ॅल्युमिनियममध्ये हिंडाल्कोची इटर्निया, लिक्सिलची टोस्टेम वगैरे. इथे खिडकी कारखान्यातून पूर्ण तयार होऊन येते, गास्केट, लॉक, बेअरिंग एकाच सिस्टिमचे, फिनिशिंग बघून बरं वाटतं हे मान्य. वॉरंटीचा कागद मिळतो. पण माप घ्यायला आणि बसवायला कित्येकदा डीलरची माणसं येतात, तेव्हा वॉरंटीत फिटिंग आहे का फक्त मालच, हे विचाराच. वेळ पण लागतो, महिना-दीड महिना धरून चाला, मे महिन्यात ऑर्डर देऊन जूनच्या आधी होईल ही आशा सोडा.

भावाचं बोलायचं तर आम्हाला जे आकडे आले ते असे, तुमच्याकडे थोडे वर-खाली होतील: डोमल स्लायडिंग, ५ एमएम साधी काच, जाळीसकट ६५० रुपये स्क्वेअर फूट, यूपीव्हीसी ८५०, ब्रँडेड १,३००. सहा बाय चारची खिडकी म्हणजे २४ स्क्वेअर फूट, तर १५,६०० किंवा २०,४०० किंवा ३१,२००. यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ब्रँडेडची तीच खिडकी ३६,८१६ ला पडते. लोकलवाला “बिल नको असेल तर जीएसटी नाही” म्हणतो, पण मग उद्या भांडण झालं तर हातात कागद नाही, ग्राहक आयोगात दाखवायला काहीतरी लागतं ना. आणि बाथरूमच्या छोट्या खिडकीला सगळेच मिनिमम एरिया लावतात, दोन बाय दोनची खिडकी असली तरी पैसे सहा किंवा आठ स्क्वेअर फुटांचे, हे आधी विचारून घ्या. जुनी खिडकी काढणं, डेब्रिज खाली नेणं, बाहेरून काम करायला झूला (दोरीने लटकता पाळणा) लागला तर त्याचं भाडं, आणि फुटलेल्या टाइल्सचं प्लास्टर, हे चार आयटम कोणाच्याच पहिल्या कोटेशनमध्ये सापडले नाहीत.

तरी भावावर निवडू नका, आधी तुमचा त्रास कुठला ते ठरवा.

पाऊस हा त्रास असेल तर खिडकीचं तोंड बघा. नैऋत्येचा वारा, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खिडक्यांना खरा मार बसतो, पूर्वेच्या खिडक्यांवर उगीच पैसे घालू नका. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचणारच, ते बाहेर जायला फ्रेमला भोकं असतात, पण जोराचा वारा बाहेरून दाबत असतो तेव्हा पाणी त्या भोकांतून निघतच नाही. ताशी ७० किलोमीटरचा झोत खिडकीवर जो दाब टाकतो तो जवळपास एक इंच उंच पाणी ट्रॅकमध्ये अडवून धरू शकतो. म्हणजे ट्रॅकची आतल्या बाजूची कड इंचभरापेक्षा कमी असेल तर पाणी हॉलमध्ये येणार, मग कंपनी कुठलीही असो. शोरूममध्ये पट्टी घेऊन ही कड मोजा, सेल्समन बघत राहतो पण मोजा. अशा बाजूला शक्य असेल तर स्लायडिंगऐवजी ओपनेबल, म्हणजे दारासारखी उघडणारी घ्या, तिचं शटर गास्केटवर दाबून बंद होतं. फक्त ग्रिल आतून असेल तर शटर बाहेर उघडून परत ओढायला हात पोचतो का बघा, आमच्या शेजारच्या काकूंच्या ओपनेबल खिडक्या याच कारणाने कायम बंद असतात 😄

आवाज हा त्रास असेल, म्हणजे घोडबंदरचे कंटेनर, मेट्रोचं काम, किंवा ट्रान्स-हार्बरच्या रुळाला लागून घर, तर इथे सगळे तुम्हाला डबल ग्लास विकायला बघतील. थांबा जरा. ट्रक-बसचा घरघराट खालच्या फ्रिक्वेन्सीचा, जाड आवाज असतो, आणि ५ एमएम काच, १२ एमएम पोकळी, परत ५ एमएम काच अशी नेहमीची डबल ग्लास तिथे फार काही दिवे लावत नाही. दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची फिल्म दाबलेली लॅमिनेटेड काच, आणि तीही जाड, बहुतेक वेळा जास्त उपयोगी पडते आणि स्वस्तही पडते. डबल ग्लासचा फायदा उन्हाला आणि एसीला जास्त. पण काच कितीही भारी घातली तरी स्लायडिंगला कडेने ब्रशची पट्टी असते, तिच्यातून हवा येते आणि हवा येते तिथून आवाज येतो. पूर्ण घर करायची गरज नाही, झोपायच्या खोलीची एकच खिडकी ओपनेबल, लॅमिनेटेड काचेची करून बघा. फरक समजायला एक आकडा लक्षात ठेवा, आवाज १० डेसिबलने कमी झाला की कानाला साधारण निम्मा वाटतो, सेल्समन “एकदम सायलेंट होईल” म्हणाला की त्याला डेसिबल विचारा आणि टेस्ट रिपोर्ट काचेचा आहे का पूर्ण खिडकीचा तेही विचारा.

खारी हवा हा नवी मुंबईकडचा त्रास. वाशी, नेरूळ, पाम बीच रोड, खाडी समोरच. मावसबहिणीच्या बिल्डिंगमध्ये सिडकोच्या काळातल्या लोखंडी खिडक्या होत्या, गंजून फुगलेल्या, बंदच होईनात. तिथे यूपीव्हीसी सरस, प्लास्टिकला गंज कसला चढणार. अ‍ॅल्युमिनियमला पण लाल गंज येत नाही, पण खाऱ्या हवेत पांढरे डाग आणि खड्डे पडतात, म्हणून पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉन मागा. खरा घात करतात ते स्क्रू. साधे लोखंडी स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये लावले की दोन धातू आणि खारा ओलावा मिळून स्क्रूचं भोक खाऊन टाकतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेड, खाडीला अगदी लागून असाल तर ३१६. सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास आला तर काम थांबवा, तो आम्लाचा सिलिकॉन, धातूला आणि सिमेंटला चालत नाही, न्यूट्रल क्युअर पाहिजे. डब्यावर लिहिलेलं असतं.

काच टफन घेतली तर तिच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का दिसला पाहिजे. टफन काच साध्यापेक्षा चार-पाच पट ताकदीची, फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात, पण एकदा टफन झाली की कापता येत नाही, एक सूत माप चुकलं तरी नवीनच काच. म्हणून माप घेणारा आला की बघा तो वर, मधे, खाली तिन्हीकडे रुंदी घेतोय का, आणि गुनिया लावतोय का. जुन्या बिल्डिंगमधली एकही चौकट काटकोनात नसते.

सोसायटीचं विसरू नका. लेखी परवानगी लागते, बाहेरून दिसणारा रंग आणि खिडकीचे भाग बदलले की कमिटी नोटीस काढते. आमच्या सेक्रेटरी काकांनी पांढऱ्याला नाही म्हटलं, सगळ्या बिल्डिंगला ब्राउन आहे म्हणून. यूपीव्हीसीत ब्राउन म्हणजे वरून चिकटवलेला लॅमिनेट आणि वाढीव भाव, तर ऑर्डर द्यायच्या आधी हे विचारलेलं बरं. आणि तीन-चार घरं एकत्र आली तर लोकलवाला भाव कमी करतोच, ब्रँडेडवाला पण थोडा नमतो.

मग आम्ही काय केलं? मानपाड्याला हॉलच्या पश्चिमेच्या मोठ्या खिडकीसाठी ब्रँडेड, बाकी किचन आणि पूर्वेची खोली लोकलकडून डोमल. नेरूळला सगळं यूपीव्हीसी, फॅब्रिकेटरकडून, वर्कशॉप बघून. कोणी मला सरसकट विचारलं तर खालच्या मजल्यावर छज्जा असलेल्या घराला ब्रँडेडचे पैसे मी देणार नाही, आणि विसाव्या मजल्यावर पश्चिमेला लोकल साधी सिरीज फुकट दिली तरी घेणार नाही.

पैसे देताना ५० टक्के आधी, ४० माल आल्यावर तपासून, आणि १० टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर, असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा. ब्रँडेडवाले याला तयार होत नाहीत, त्यांना सगळं आधी लागतं, मग त्यांच्याकडून निदान फिटिंगच्या दिवशी पाण्याच्या पाइपने टेस्ट करून घ्या, दहा मिनिटं बाहेरून पाणी मारायचं आणि आत बोट फिरवून बघायचं. जुन्या खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम भंगारात किलोवर चांगलं जातं, कारागीर गुपचूप घेऊन जातात, तेवढी रक्कम बिलातून वजा करायला सांगा नाहीतर भंगारवाल्याला स्वतःच बोलवा.