हेल्मेटमधला इंटरकॉम की वॉकी-टॉकी? ठाण्या-नवी मुंबईच्या रायडरने काय घ्यावं

बाइकवर एकमेकांशी बोलण्यासाठी काय घ्यावं, असं विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास रेंजचा असतो. खोक्यावर कुणी एक किलोमीटर छापतं, कुणी दोन, आणि मोठा आकडा तो चांगला सेट असं ठरवून मंडळी मोकळी होतात. माझ्या लेखी रेंज हा तिसरा-चौथा प्रश्न. आधी हे ठरवा की तुम्ही बोलणार कुणाशी. मागे बसलेल्या बायकोशी, नेहमीच्या एका मित्राशी, की रविवारी पहाटे माजिवड्याला जमणाऱ्या दहा-बारा जणांशी? या तीन उत्तरांना तीन वेगळ्या वस्तू लागतात आणि त्यांच्या किमतीत दहापट फरक पडू शकतो.

साखळी आणि जाळं

साधा ब्लूटूथ इंटरकॉम साखळीने जोडला जातो. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. ज्या क्रमाने पेअरिंग केलं त्याच क्रमाने रस्त्यावरही साधारण राहावं लागतं. घोडबंदर रोडवर हा क्रम किती वेळ टिकणार? कापूरबावडीला दोघे सुटले आणि तिसरा सिग्नलला अडकला, की तिथेच साखळीचे दोन तुकडे होतात. चौथा गडी सिग्नल मारून पुढच्यांना गाठेलही, पण त्याला त्यांचा आवाज येणार नाही, कारण त्याची कडी मागे राहिलेल्या तिसऱ्याशी आहे.

मेश इंटरकॉममध्ये असा ठरलेला क्रम नसतो. प्रत्येक सेट टप्प्यातल्या सगळ्यांशी बोलतो आणि दुसऱ्याचा आवाज पुढेही पोचवतो. एखादा मागे पडला तर बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं, आणि तो टप्प्यात आला की बटण न दाबता परत आत येतो. कार्डो या कंपनीच्या मेशमध्ये पंधरा जण बसतात. सेना या दुसऱ्या कंपनीच्या ग्रुप मेशमध्ये चोवीस, आणि तिच्या ओपन मेशमध्ये नऊ चॅनल असून माणसांची मर्यादाच नाही. अर्थात चोवीस जण एकाच वेळी बोलू लागले तर काय होतं ते सोसायटीच्या सभेला गेलेल्यांना सांगायला नको.

मेशची खरी गोम वेगळी आहे. कार्डोची मेश सेनाला कळत नाही, सेनाची कार्डोला नाही, आणि बेंगळुरूच्या ब्लूआर्मरची या दोघींनाही नाही. वेगळ्या कंपन्यांचे सेट जोडायचे झाले तर परत ब्लूटूथवर यावं लागतं. तिथे बहुधा एक सेट दुसऱ्याला मोबाइल समजून जोडून घेतो, आवाज फोनच्या दर्जाचा होतो आणि मेशसाठी मोजलेले पैसे तेवढ्यापुरते वाया जातात. म्हणून ग्रुपमध्ये बहुतेकांकडे सेना असेल तर कार्डोत जेबीएलचे स्पीकर येतात हे कौतुक बाजूला ठेवा. ग्रुपची कंपनी तीच तुमची कंपनी.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त सेटबद्दल एक सावधगिरी. 'सहा रायडर' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या काहींमध्ये सहा जणांशी पेअरिंग होतं, पण एका वेळी बोलता येतं दोघांनाच. ही ओळ खोक्यावर सापडत नाही, मॅन्युअलमध्ये सापडते.

आता रेंज

ब्लूटूथ काय किंवा मेश काय, दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. एवढी आखूड लहर डोंगर, ट्रक, पुलाचा खांब यांना वळसा घालून फारशी जात नाही. दोन हेल्मेटं एकमेकांना दिसली पाहिजेत असंच धरून चाला. कार्डो आपल्या वरच्या मॉडेलसाठी दोन बाइकमध्ये १.६ किलोमीटर सांगते, सेना २ किलोमीटर, आणि हे आकडे मोकळ्या मैदानाचे आहेत. पाम बीच रोडवर रहदारी नसताना त्यांच्या थोडंफार जवळ जाता येईल. कर्नाळ्याच्या वळणांवर किंवा माळशेजच्या चढावर त्यांचा काही संबंध राहत नाही. आपल्याला द्रुतगती मार्गही बंद आणि अटल सेतूही, म्हणजे लोणावळ्याला जाताना पनवेल-खोपोलीचा जुना हायवे, कंटेनर आणि घाट हे आलंच. मोकळं मैदान आपल्या वाट्याला येतं कुठे?

पण मेशचा फायदाही इथेच दिसतो. आठ जण योग्य अंतराने घाट चढत असतील तर पहिल्याचा आवाज वळणामागून वळण टप्प्याटप्प्याने शेवटच्यापर्यंत पोचतो. माणसं जितकी जास्त तितकी जाळ्याची लांबी जास्त. याचा अर्थ असाही की फक्त दोघांसाठी घेतलेली मेश, आपोआप परत जोडलं जाण्याची सोय सोडली तर, महाग ब्लूटूथच आहे.

वॉकी-टॉकीचा मोह

'आम्ही सरळ वॉकी-टॉकीच घेतो' म्हणणारे प्रत्येक ग्रुपमध्ये असतात आणि त्यांचं अगदीच चुकत नाही. वॉकी-टॉकीची ४४६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ६७ सेंटीमीटरची, त्यामुळे झाडी, गाड्या, छोटी वळणं ती अधिक सहज पार करते. पेअरिंगची भानगड नाही, कंपनीचं बंधन नाही. चॅनल आणि टोन (इतरांचे आवाज गाळणारा कोड) जुळले की वीस जण ऐकू शकतात.

अडचण कायद्यापासून सुरू होते. भारतात वाटेल तो वॉकी-टॉकी विनापरवाना चालत नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी परवानामुक्त केला आहे, पण त्या सेटलाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, लागते. बाओफेंगसारखे स्वस्त चिनी सेट वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलू शकतात आणि म्हणूनच ते या सवलतीत बसत नाहीत. असे सेट ऑनलाइन सर्रास विकले जात होते. त्यामुळे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वंच काढली. अमेरिकेहून मामाने आणलेली जोडीही इथे चालवू नका. तिकडची मोकळी फ्रिक्वेन्सी ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या घरात आहे आणि ती आपल्याकडे मोकळी नाही.

२७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही आपल्याकडे ५ वॉटपर्यंत परवानामुक्त आहे, पण तिथे लहरच अकरा मीटरची. बाइकवर तिला शोभेल असा अँटेना लावायला गेलात तर आधी पूल चुकवावे लागतील. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढणं हा चांगला छंद आहे. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येते, आणि खालच्या श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. मात्र ग्रुपमधल्या प्रत्येक बोलणाऱ्याकडे परवाना हवा, त्यामुळे राइडसाठी म्हणून ही वाट फार थोड्यांची.

दुसरी अडचण वापराची. वॉकी-टॉकीवर एका वेळी एकच बोलतो, तेही बटण दाबून. सेट हातात धरून बोलणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग, पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा तुरुंग. दंड नसता तरी क्लच सोडून सेट धरणं हा वेडेपणाच. म्हणजे हँडलवर बसणारं, दाबून बोलायचं पीटीटी बटण, हेल्मेटमध्ये स्पीकर-माइक आणि सेटपर्यंत वायर, किंवा सेनाच्या एसआर१० सारखा ब्लूटूथ अडॅप्टर, एवढं सगळं हवं. आवाजाने आपोआप सुरू होणारी व्हॉक्सची सोय बाइकवर विसरा. वेग वाढला की वारा बोलतो आणि चॅनल अडवून बसतो. 'प्रायव्हसी कोड'ने, म्हणजे त्याच टोनने, बोलणं गुप्त राहत नाही हेही ध्यानात ठेवा. त्याने फक्त तुम्हाला इतरांचा आवाज येत नाही. त्यांना तुमचा येऊ शकतो.

तरीही मोठ्या ग्रुपमध्ये वॉकी-टॉकीला एक जागा नक्की आहे, ती म्हणजे पुढचा लीड आणि मागचा स्वीप यांच्यात. त्यांना गप्पा मारायच्या नसतात. 'शहापूरला थांबतोय', 'एकाचं पंक्चर, दहा मिनिटं' एवढंच कळवायचं असतं. त्याला ४४६ चे दोन मान्यताप्राप्त सेट पुरतात आणि बाकीच्यांनी खर्च करायची गरज उरत नाही.

मोबाइलवरचा ग्रुप कॉल हा फुकटचा पर्याय शहरात बरा चालतो. अंतराची अट नाही, कंपनीची नाही. पण घाटात टॉवर गेला की सगळं गेलं, आणि आवाज थोडा उशिरा पोचत असल्याने 'खड्डा' ऐकू येईपर्यंत खड्डा होऊन गेलेला असतो.

हेल्मेट आणि पाऊस

सेट कोणताही असो, निम्मा अनुभव बसवण्यावर ठरतो. स्पीकर कानाच्या भोकासमोर नेमका हवा. दोन सेंटीमीटर मागे सरकला तरी लोक आवाज कमी म्हणून सेटला दोष देतात. बंद हेल्मेटला वायरवरचा छोटा माइक, उघड्या किंवा वर उचलायच्या हेल्मेटला दांडीचा. स्पीकरला जागा करायला आतला थर्माकोल कोरू नका आणि कवचाला भोक पाडू नका. आयएसआयचा शिक्का त्या हेल्मेटच्या मूळ रूपाला मिळालेला असतो. क्लॅम्प किंवा चिकटपट्टी पुरते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे 'पाण्याचे शिंतोडे सहन करतो' असा सेट कामाचा नाही. आयपी६७ बघा, म्हणजे धूळ आणि थोडा वेळ पाण्यात बुडणंही झेपणारा. कार्डोच्या पॅकटॉक एजला ते आहे. स्वस्त सेट घेतलाच तर चार्जिंगच्या भोकावरचं रबर घट्ट बसतं ना एवढं तरी पाहा, पाणी बहुधा तिथूनच शिरतं.

पैशांचं म्हणाल तर साधे ब्लूटूथ सेट तीन-चार हजारांपासून मिळतात, मेश दहा हजारांच्या पुढे सुरू होते, आणि कार्डो-सेनाची वरची मॉडेलं तीस हजारांपलीकडे जातात. मागे बसणाऱ्याशी बोलायला अंतर हातभराचं, तिथे स्वस्त ब्लूटूथची जोडी घ्या आणि वाचलेल्या पैशांत मागच्यालाही चांगलं हेल्मेट घ्या. एकाच मित्राबरोबर फिरत असाल तर मधल्या किमतीचा, पाणी झेपणारा ब्लूटूथ सेट. चारच्या वर आणि ग्रुप ठरलेला असेल तर मेश, पण सगळ्यांनी मिळून, एकाच कंपनीची. ग्रुप दर महिन्याला बदलत असेल तर मेश घेऊच नका.

पैसे देण्याआधी कुणाचा तरी तसाच सेट आपल्या हेल्मेटमध्ये बसवून ठाणे-बेलापूर रोडवर साठच्या वेगाने बोलून बघा. ऐकणाऱ्याला रबाळ्याला उभं करू नका, त्यालाही चालत्या बाइकवरच ठेवा. दुकानात उभ्या उभ्या सगळेच सेट उत्तम वाजतात.