पहिला गेमिंग पीसी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

यूट्यूबवर ग्राफिक्स कार्डांच्या ज्या चाचण्या आपण बघतो, त्या बहुतेक २१-२२ अंशांच्या गार खोलीत झालेल्या असतात. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या आमच्या बेडरूममध्ये मे महिन्यात रात्री नऊलासुद्धा ३३ अंश असतात. हवेने थंड होणाऱ्या पार्टचं गणित सरळ आहे. खोली जितके अंश जास्त, जवळपास तितकेच अंश तो पार्टही जास्त. तिकडे ६२ वर थांबलेलं कार्ड आपल्याकडे ७३ दाखवणार, आणि त्यात कार्डाचा काही दोष नाही. एफपीएसचे (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे) आकडे तुम्हाला कुठेही मिळतील. मला सांगायचंय ते ठाण्यातल्या घरात हे मशीन महिनोन्‌महिने चालवताना कुठले पैसे कामाला आले ते.

साठ हजार ठरले होते, त्रेसष्टपर्यंत गेलं. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड (८ जीबी), ८-८ च्या दोन स्टिक मिळून १६ जीबी डीडीआर४ ३२०० रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि पुढून जाळीचं कॅबिनेट. त्यावर २४ इंची १०८०पी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर. कीबोर्ड-माऊस जुनेच.

दुकानात सगळे ५६००जी (ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर) घ्या म्हणत होते, ‘कार्ड नंतर टाका’. कार्ड खरंच वर्षभराने घ्यायचं असेल तर सल्ला बरोबर आहे, कारण नुसत्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहते. पण कार्ड लगेच घ्यायचं असेल तर ५६००जी नको. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय कार्डाशी बोलण्याच्या वाटेत तो जुन्या पीसीआयई ३.० वरच अडतो, आणि आरएक्स ६६०० मुळातच आठ लेनचं, म्हणजे अरुंद वाटेचं कार्ड असल्यामुळे त्याला ४.० मिळालेलं बरं.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून. ठाण्याहून दादर, तिथे बदलून ग्रँट रोड. भाव ऑनलाइनपेक्षा फार खाली असतील ही आशा सोडून जा. फायदा वेगळा आहे: समोर जोडून, चालू करून दाखवतात. ‘विदाऊट बिल दोन हजार कमी’ हे ऐकायला मिळेलच. १८ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण प्रोसेसर आणि एसएसडीची तीन-तीन वर्षांची वॉरंटी त्या बिलावरच उभी असते. मी पक्कं बिल घेतलं. येताना मॉनिटर आणि कॅबिनेटचे खोके घेऊन संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये चढण्याचा विचारही करू नका, दुपारी निघा.

आता गरमीकडे. हा पीसी खेळताना मॉनिटरसकट साधारण २५० वॉट ओढतो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. म्हणजे मे महिन्यात बंद खोलीत २५० वॉटचा हीटर लावून आपण बसतो. विजेच्या बिलाची आईला काळजी होती. रोज अडीच तास धरले तर महिन्याला १८-१९ युनिट होतात, म्हणजे ते काही भयंकर नाही. बिल वाढतं ते पीसीमुळे एसी लवकर लावावा लागतो म्हणून, आणि महावितरणच्या स्लॅबमध्ये ३०० ची रेषा ओलांडली की ते चांगलंच जाणवतं.

यावर सगळ्यात जास्त फरक पडला तो फुकटच्या उपायाने. फ्रेम कॅप, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याला मर्यादा. व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम हे कार्ड ३०० फ्रेमच्या आसपासही पळवतं, पण मॉनिटर दाखवणार १६५. वरच्या फ्रेम म्हणजे नुसती उष्णता. मी १६० वर कॅप लावली आणि कार्डाचा पंखा जवळजवळ ऐकू येईनासा झाला. मोठ्या गेममध्ये ७५ पुरतात. त्याच्या जोडीला कार्ड थोडं अंडरव्होल्ट केलं. ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच सोय आहे, व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जायचं, गेम बंद पडला की एक पायरी मागे यायचं. स्पीड तोच राहिला, तापमान चार-पाच अंशांनी उतरलं.

पैसे घालून केलेली एकच गोष्ट म्हणजे कॅबिनेटला पुढे दोन जादा पंखे. आत हवा घेणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा जास्त हवेत, म्हणजे हवा फिल्टरमधूनच आत येते, फटींतून नाही. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना धूळ म्हणजे काय हे सांगायला नको. मेट्रोचं काम आणि रात्रभर जाणारे ट्रक, खिडकी बंद ठेवूनही टेबलावर बोट फिरवलं की रेघ उमटते. पुढची जाळी महिन्यातून एकदा नळाखाली धुते आणि पूर्ण वाळवून लावते. आतून ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने तो नको तितका वेगात फिरतो.

काचेच्या पुढच्या भागाची, सात रंगांचे दिवे असलेली कॅबिनेटं त्याच किमतीत मिळत होती. धाकट्या भावाचा जीव त्यांच्यावर होता. काचेतून हवा जात नाही एवढंच त्याला सांगितलं. अजून टोमणे मारतो.

पावसाळ्याची मला जास्त धास्ती होती, तो सोपा गेला. चालू मशीन आतून कोरडंच राहतं, ओल धरते ती बंद पडून राहिलेल्या मशीनवर बसलेल्या धुळीत. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा पूर्ण सफाई केली, आणि गावाला गेलो तेव्हा आल्यावर प्लग लावण्याआधी झाकण उघडून पंख्याखाली तासभर ठेवलं.

अर्थिंगबद्दल मात्र कुणीच बोलत नाही. पहिल्या आठवड्यात कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. मशीन बिघडलेलं नव्हतं. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून किंचित करंट कॅबिनेटवर येतोच, तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला हवा. आमच्या त्या सॉकेटला तिसरं भोक होतं, पण मागे वायरच नव्हती. इलेक्ट्रिशियनने ती ओढून दिल्यावर प्रश्न मिटला. जुन्या सोसायटीत राहत असाल तर पार्ट यायच्या आधी हे तपासून घ्या, इलेक्ट्रिशियनसाठी पाच मिनिटांचं काम आहे.

यूपीएसचंही तसंच. बाजारातला साधा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, कागदावर पुरतो. पण स्वस्त यूपीएस शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि आजकालच्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसी एसएमपीएसपैकी काहींना ते चालत नाही, लाइट गेली की पीसीही जातो. घेतानाच ‘चालला नाही तर बदलून द्याल ना’ हे विचारून घ्या आणि घरी आल्यावर गेम चालू ठेवून भिंतीचं बटण बंद करून बघा. माझा टिकला. पाच मिनिटं मिळतात, सेव्ह करून बंद करायला तेवढी बास.

खेळण्याचं थोडक्यात. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असल्यामुळे ठाण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) एक आकडी राहतो, मात्र विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग चालू लागतात, ती बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) आधीच करून ठेवा. एल्डन रिंग स्वतःच ६० वर बांधलेला आहे, तिथे हे मशीन आरामात असतं. सायबरपंक हाय-मीडियम मिसळून ६० च्या वर चालतो, रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरेखुरे इफेक्ट) विसरायचं. १०८०पी वर मला अजून कशाचीही कमी वाटलेली नाही, आणि पहिल्या मशीनला १४४०पी मॉनिटर घेणाऱ्यांचं मला कळत नाही. कार्ड साठ हजारांच्या पीसीचं आणि स्क्रीन लाखाच्या पीसीची, मग सगळ्या सेटिंग खाली ओढत बसायचं.

दोन सेटिंग मात्र पहिल्या दिवशीच तपासा, दुकानदार त्या करून देत नाहीत. बायोसमध्ये एक्सएमपी चालू नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच पळते. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर बऱ्याचदा ६० हर्ट्झवर बसलेला असतो. माझ्या ऑफिसातला एकजण १४४ चा मॉनिटर घेऊन कित्येक महिने ६० वर खेळत होता आणि फरक दिसतो म्हणून सगळ्यांना सांगतही होता.

५०० जीबी अपुरं पडतं. रेड डेड रिडेम्प्शन २ एकटाच १५० मागतो, त्यात विंडोज आणि भावाचे गेम. १ टीबी घ्या, त्यासाठी बोर्ड थोडा स्वस्तातला चालेल. एसएमपीएसमधून मात्र हजार रुपये काढू नका.

भावाला आता स्ट्रीमिंग करायचंय म्हणून ३२ जीबी हवी आहे. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की डीडीआर४ सुद्धा हातात घ्यावी अशी राहिलेली नाही. दिवाळीचा बोनस आला तर आधी दुसरी एसएसडी. बोर्डावर दुसरा एम.२ स्लॉट मोकळा आहे.