जाळीचं दार, प्लगचा डिफ्यूझर, काचेची फिल्म: गणपती ते शिमगा वापरून

एकाच गादीवर झोपणारी दोन मांजरं एका संध्याकाळपासून एकमेकांना बघून गुरगुरायला लागली, की माणूस आधी प्लगला लावायचा, मांजरांना शांत करणारा गंध सोडणारा डिफ्यूझर मागवतो. क्रम चुकतो तो इथे. जाळीचं दार, डिफ्यूझर आणि खिडकीच्या काचेवरची दुधी फिल्म, या तिन्ही वस्तू गणपतीच्या सुमारास बसवल्या, आता शिमगा होऊन गेला. दाराला पाचपैकी पाच, फिल्मला चार, डिफ्यूझरला अडीच.

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत घराची भिंत शेजारच्या भिंतीला लागलेली असते, कौलं कौलांना भिडलेली. गल्लीतला बोका या टोकाला चढतो, त्या टोकाला उतरतो आणि वाटेतल्या परड्यांत मुतून खुणा करत जातो. आतल्या मांजराला तो काचेतून दिसतो, पण गाठता येत नाही. मग तो राग शेजारी बसलेल्यावर निघतो. मार खाल्लेल्याने बोका पाहिलेलाच नसतो, त्याच्या लेखी सोबतीच अंगावर आला. दुसऱ्या दिवशी ते आधीच फिस्कारतं, त्यावर पहिलं चवताळतं, आणि बोका कधीचा निघून गेला तरी खुन्नस राहते. मिरवणुकीचा डॉल्बी, दिवाळीची माळ, ओट्यावरून पडलेलं पातेलं, यांनीही हेच होतं. दवाखान्यातून परत आलेल्या मांजराच्या अंगाला औषधांचा वास असतो, तेव्हाही घरातलं दुसरं त्याला ओळखत नाही. अशा मांजराला घरी आणल्यावर एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं की बहुतेक वेळा भागतं.

काहीही विकत घेण्याआधी दोघांना डॉक्टरांना दाखवावं, आणि ते एकाच पिंजऱ्यातून नव्हे. दात, सांधे, कान दुखत असले तरी मांजर जवळ आलेल्याला मारतं. वय दहाच्या पुढे असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. घरातला बोका सारखा वाळूत बसतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर भांडण बाजूला ठेवून त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठावा. मूत्रमार्ग तुंबला तर जीव जातो. नसबंदी झालेली नसेल तर ती आधी. बोक्याच्या शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात, तेवढे दिवस दार बंदच.

आता दार. लाकडी दार लावून घेतलं तरी मांजरं वेगळी राहतात, मग जाळी कशाला? कारण पुढची सगळी मेहनत दोघांनी एकमेकांचा वास घेत, थोडं थोडं दिसत शांतपणे खाण्यावर उभी आहे, आणि लाकडी दार उघडलं की एकदम सगळंच उघडतं. लहान मुलांसाठी मिळणारं अडीच-तीन फुटी फाटक घेऊ नये. धडधाकट मांजर पाच फूट सहज चढतं, त्यामुळे जाळी चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंतच हवी. मच्छरांची नायलॉन किंवा फायबरची जाळी एका झटापटीत फाटते.

उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे पाऊण इंची चौकोनी पाइपची चौकट आणि अर्धा इंच भोकांची वेल्डेड स्टेनलेस जाळी सांगावी. एक इंची जाळीतून अख्खा पंजा बाहेर येतो आणि ओरबाडणं चालू राहतं. अर्ध्या इंचातून पंजा येत नाही. माप घेताना उंबऱ्यापासून खालची फट एक सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगा. जाळी कापल्यावर तारांची टोकं पाइपच्या आत दाबून वर पट्टी मारून घ्यावी, नाहीतर पंज्याला जखमा होतात. कड्या दोन लागतात, वर एक आणि खाली एक. एकाच कडीवर दार खालून वाकतं आणि त्या फटीत मांजर डोकं घालतं. आपोआप बंद होणारी स्प्रिंगची बिजागरी नको. तिचा धाडकन आवाज मांजरांना परत बिथरवतो आणि शेपूट अडकायची भीती वेगळी. चौकटीला आतून रबरी पट्टी चिकटवली की खडखड थांबते. दाराला दोन्ही बाजूंनी जाड सुती चादर कागदांना लावायच्या काळ्या क्लिपांनी लावून टाकावी, म्हणजे ती हवी तेवढीच वर घेता येते.

पहिले दोन-तीन दिवस चादर पूर्ण खाली. दोन्ही बाजूंना पाणी, अंथरूण, चढून बसायला उंच जागा आणि वाळूचा स्वतंत्र ट्रे. घरात जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त. तिन्ही ट्रे एका ओळीत मांडले तर मांजराच्या हिशेबात तो एकच ट्रे. दोघांच्या जागा दिवसातून एकदा बदलाव्यात, पण समोरासमोर न आणता. सुती फडकं एकाच्या गालाला चोळून दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवावं. खरं काम जेवणाच्या वेळी होतं. दिवसाचं खाणं चार भागांत करून, दारापासून आठ-दहा फुटांवर दोन्हीकडे ताटल्या एकाच वेळी ठेवाव्यात. ओळीने तीन-चार जेवणं कुणीही मान वर न करता झाली, की ताटल्या एक फूट पुढे. दारापासून फुटावर आल्या की त्या परत आठ फुटांवर न्यायच्या आणि चादर खालून चार बोटं उचलायची. तिथून पुन्हा तोच क्रम.

घाई इथेच होते. शेपटीचं टोक फटफट हलणं, कान मागे पडणं, खाणं सोडून एकटक बघणं, यातलं एक जरी दिसलं तर पुढे न जाता दोन पायऱ्या मागे यावं. गुरगुरेपर्यंत थांबलात तर तो दिवस गेला. काही जोड्या तीन आठवड्यांत सुधारतात, काहींना महिने लागतात.

दाराजवळच्या खाण्यात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे सगळ्यात चालतात, फक्त मीठ-मसाल्याशिवाय उकडलेले. रविवारच्या मटणाचं अळणी पाणी मात्र देऊ नका. नाव अळणी असलं तरी त्यात आलं-लसूण, बहुतेक घरांत कांदाही असतो, आणि कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

चादर पूर्ण वर असताना दोघं शांत खाऊ लागली की मगच दार उघडायचं. आधी दोघांना वेगवेगळं खेळवून दमवावं, मग दहा-पंधरा मिनिटं एकत्र ठेवून, सगळं ठीक चाललेलं असतानाच परत वेगळं करावं. हाताशी टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा ठेवावा. भांडण पेटलंच तर तो मध्ये घालायचा. हात, पाय, पाणी, ओरडणं यातलं काही नको. पेटलेल्या मांजराला उचलून कुरवाळू नये. अंधाऱ्या शांत खोलीत काही तास, कधी एक-दोन दिवसही सोडून द्यावं. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवावी, हळद-चुना न लावता सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीचं विचारावं. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून काही दिसत नाही. मांजराने मांजराला चावलं असेल तर गळू दोन-चार दिवसांनी वर येतं, म्हणून केसांखाली बोटं फिरवून बघत राहावं.

डिफ्यूझरचे दोन प्रकार मिळतात, आणि दुकानदार समोर येईल तो देतो. एकात मांजर गाल घासून सोडतं त्या गंधाची नक्कल असते. दुसऱ्यात पाजणाऱ्या मांजरीच्या अंगच्या गंधाची. घरातल्या घरात भांडणं असतील तर दुसरा घ्यावा. ४८ मिलिलिटरची बाटली साधारण ३० दिवस पुरते, ५० ते ७० चौरस मीटरसाठी. पण हे बंद फ्लॅटचं गणित झालं. मधे चौक असलेल्या वाड्यात वास वर निघून जातो. कपाटामागे, पडद्याखाली किंवा आडवा लावू नये. वीज गेली की काम थांबतं. सहा बाटल्यांनंतर प्लगचं यंत्रही बदलावं लागतं. जेवणाच्या पायऱ्या चालू असताना एका बाजूला तो होता, तेव्हा मांजर दाराजवळ थोडं लवकर बसू लागलं असं वाटलं. नुसता डिफ्यूझर लावून दार उघडं ठेवलं तर काहीच फरक नाही. खर्च दर महिन्याला परत परत येतो, म्हणून अडीच. स्वस्तात मिळणारे निलगिरी किंवा टी ट्री तेलाचे डिफ्यूझर आणू नका, असली तेलं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. फिनाइलचंही तेच. बोक्याची मूत्रखूण एन्झाइमच्या क्लीनरने पुसावी. अमोनियाच्या वासाचं काही वापरलं तर तिथेच परत मुततात.

दुधी फिल्म साबणाच्या पाण्याने चिकटवता येते. खिडकीच्या खालच्या कडेपासून तीन फूट उंचीपर्यंत लावली तर बहुतेक ठिकाणी पुरते. सरकत्या खिडकीत दोन्ही काचांना लावा, नाहीतर काच सरकवल्याबरोबर बोका परत दिसायला लागतो. वास मात्र ती अडवत नाही, म्हणून चार तारे.

एवढं करूनही एक मांजर दुसऱ्याच्या मागावरच राहिलं, तर डॉक्टर फ्लुऑक्सेटिन किंवा गॅबापेंटिन ही मांजराला शांत करणारी औषधं देऊ शकतात. फ्लुऑक्सेटिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. घरातली पॅरासिटामॉल कधीही नाही, एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

दाराची देखभाल: स्टेनलेस जाळीला पावसाळ्यात काही होत नाही, पण चौकट साध्या लोखंडाची असेल तर वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि मूत उडतं त्या खालच्या पट्टीवर आधी गंज धरतो. घासून रेड ऑक्साइड मारायचं असेल तर दार बिजागरीतून काढून परड्यात न्यावं, आणि रंगाचा वास पूर्ण उडाल्यावरच परत बसवावं.