अलास्का क्रूझ: बंदरं बघू नका, निघण्याच्या वेळा बघा

क्रूझचं नाव काढलं की लोक आधी बुफेबद्दल विचारतात. बुफे उत्तम होता, पुढे जाऊ. पैसे मोजले होते ते डोंगर आणि हिमनद्या बघायला, तेव्हा हिशेब उजेडाचा. कंपनीच्या माहितीपत्रकात नेमका तोच नाही.

व्हँकुव्हरहून जाऊन-येऊन असा मार्ग, जून महिना, सोबत हे आणि नणंद. सप्टेंबरमध्ये भाडं बरंच कमी होतं, तरी जूनचा हट्ट मी सोडला नाही. अलास्काची राजधानी जून्होला २१ जूनच्या सुमारास सूर्य पहाटे चारच्या आत उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो, म्हणजे सव्वाअठरा तासांचा दिवस. सप्टेंबरच्या मध्यावर तोच तेरा तासांच्या आत येतो. आता मेख अशी, की ही जहाजं दिवसभर बंदराला लागलेली असतात आणि चालतात संध्याकाळनंतर. त्यामुळे कमी होणारे पाच तास बहुतेक तुमच्या बघण्यातूनच जातात.

आमच्या सफरीतला सगळ्यात सुंदर भाग जाहिरातीत कुठेच नव्हता. स्कॅगवे बंदरातून जहाज संध्याकाळी साडेआठला सुटलं आणि लिन कॅनालमधून दक्षिणेला निघालं. नाव कॅनाल असलं तरी हा फ्योर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राने भरलेली खोल दरी, लांबी सुमारे १४० किलोमीटर, खोली सहाशे मीटरपर्यंत. जूनमध्ये तिथे सूर्य वायव्येला, चिल्कट डोंगररांगेच्या मागे उतरतो. म्हणून उजवीकडचे डोंगर काळेनिळे पडतात आणि डावीकडच्या शिखरांवरचं बर्फ आधी पिवळं, मग शेंदरी होत जातं. हेन्स गाव मागे टाकल्यावर उजवीकडे डेव्हिडसन हिमनदी दिसली. सावलीत असूनही तिचा निळसर रंग वेगळा कळत होता. पुढे एल्ड्रेड रॉकचं अष्टकोनी दीपगृह आलं, तेव्हा दहा वाजून गेले होते आणि दुर्बिणीतून त्याच्या खिडक्या दिसत होत्या. नणंद म्हणाली, "वहिनी, आत गरम सूप मिळतंय." मी हलले नाही. तीच दोन वाट्या घेऊन आली.

डेकवर माणसं मात्र मोजकीच! कारण त्याच वेळी थिएटरात मोठा शो ठेवला होता आणि दुसऱ्या पाळीचं जेवणही तेव्हाच. लाउडस्पीकरवर बिंगोची घोषणा दोनदा झाली, हिमनदीची एकदाही नाही. याचा एक तारा मी सरळ कापला. सप्टेंबरमध्ये तिथे सातच्या पुढेमागे सूर्यास्त होतो, म्हणजे साडेआठला सुटणाऱ्या जहाजातून हे सगळं काळोखात जाणार.

जूनही सगळीकडे कामाला येत नाही. सेमूर नॅरोज ही अरुंद वाट आम्ही पहिल्याच रात्री ओलांडली, अंधारात. तिथला प्रवाह पंधरा नॉटपर्यंत (ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटर) जातो, त्यामुळे मोठी जहाजं भरती-ओहोटीमधला संथ काळ गाठून जातात. कॅप्टनच्या हातात फारसं काही नसतं. जून्होहून दहाला निघालो तेव्हाही डग्लस बेटाला दक्षिणेकडून वळसा घालेपर्यंत संधिप्रकाश मंदावलाच.

ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाची चिंता कुठल्याच महिन्यात करू नका. सकाळी पार्कचे रेंजर जहाजावर चढतात, मार्जरी हिमनदीसमोर भर दिवसा जहाज थांबतं आणि जागच्या जागी वळतं, त्यामुळे खोली डावीकडे की उजवीकडे यानेही फरक पडत नाही. उलट त्याच पार्कमधलं जॉन्स हॉपकिन्स इनलेट (अरुंद खाडी) बघायचं असेल तर सप्टेंबरच गाठावा लागेल. तिथे सील पिल्लं घालतात म्हणून मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंदी असते. नॉर्दर्न लाइट्सची आशा असेल तरी सप्टेंबरच. जूनमध्ये आकाश पुरेसं काळं होतच नाही.

आणि उजेड म्हणजे दृश्य असंही नाही. केचिकन बंदरात वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या दिवशी ढग पार घरांच्या छपरांपर्यंत उतरले होते, साडेसतरा तासांचा दिवस असून उपयोग शून्य. त्यातल्या त्यात मे-जून कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबर चिंब.

खोलीचे पडदे जाड होते, त्याचे पूर्ण गुण. ह्यांनी एकदा पहाटे चारला ते सरकवले आणि उठायची वेळ झाली समजून दाढी करून बसले. अलास्काचं घड्याळ व्हँकुव्हरच्या एक तास मागे असतं हेही जहाजावर वेळेवर आणि स्पष्ट सांगितलं.

मार्गाला पाच तारे, कंपनीच्या नियोजनाला तीन. बुकिंग करताना बंदरांची यादी वाचून झाली की प्रत्येक बंदरातून सुटण्याची वेळ आणि त्या तारखेचा सूर्यास्त शेजारी-शेजारी लिहून काढा. स्कॅगवेच्या ओळीत सुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत दोनेक तास मिळाले तर दक्षिणेला जाताना डाव्या बाजूची बाल्कनी घ्या, आणि त्या संध्याकाळचं जेवण पहिल्या पाळीत उरकून घ्या.